जुनं विंडोज, जुनी सरकी

अध्यक्षांनी वीस मिनिटं दिलीत. नंतर याच सतरंजीवर सामुदायिक प्रार्थना आहे. बरं.

फळ्यावर विषय लिहिलाय, ‘लॅपटॉपवर जुनं विंडोज टाकावं का?’ सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका.

मागच्या पावसाळ्यात माझा लॅपटॉप लय सुस्तावला. चालू करून चहा मांडावा, पिऊन व्हावा, तरी ते चाक फिरतंच. सातबाऱ्यासाठी आलेले कास्तकार पायरीवर बसून माझ्या नावानं बोटं मोडत. तालुक्याचा एक दुरुस्तीवाला म्हणाला, ‘भाऊ, विंडोज सात टाका, घोड्यासारखं पळते.’ मलाही सातची माया होतीच. २००९ चं ते. माझं दुकान त्याच्यावरच उभं राहिलं.

रात्री पेनड्राइव्ह लावला. सेटअप म्हणे, सीडी-डीव्हीडीचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, नाही. अरे बाप्पा, या लॅपटॉपला सीडीचं खणच नाही! दुसऱ्या दिवशी समजलं, सातच्या सेटअपला यूएसबी ३ ओळखताच येत नाही. स्वतः ज्या पेनड्राइव्हवरून आला तोच त्याला दिसत नव्हता. ड्रायव्हर आत घालून पुन्हा बसलो. झालं एकदाचं. तर वायफाय गायब. त्याचा ड्रायव्हर कुठं? इंटरनेटवर. म्हणजे विहिरीत उतरायचा दोर विहिरीतच! शेवटी क्रोम टाकलं, ते १०९ वर अडलं. त्यापुढचं सातवर चढतच नाही. अंगठ्याचं मशीनही मुकं.

आणि सी ड्राइव्ह पुसला गेला तो वेगळाच. डेस्कटॉपवर उधारीची यादी होती. ती गेल्याची बातमी देणेकऱ्यांना माझ्याआधी कळली. पहिल्या रांगेतले दोघं आत्ताही हसताहेत, पाहून ठेवलंय.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. मुद्द्याचं भरभर सांगतो. बीजी-टू सरकी, म्हणजे बोंडअळीला तोंड देणारं कपाशीचं बियाणं, २००६ ला आली. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं, तुम्हाला सांगायला नको. सरकी तीच होती, अळी शिकली होती. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय नावाची संगणकाची कीड जगभर पसरली, आणि सापडली ती बहुतेक सातवालीच मशीनं. विंडोजची दुरुस्ती मार्चमध्येच आली होती, लोकांनी टाकली नव्हती. आता तर तीही येत नाही. १४ जानेवारी २०२० ला सातच्या दुरुस्त्या बंद झाल्या. त्याच्यावर बँकेचा पासवर्ड काहून टाकता?

खरी सुस्ती विंडोजची नव्हतीच. आत मिनिटाला ५४०० फेरे मारणारी हार्ड डिस्क होती. ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवली, रॅम ८ जीबी केली, विंडोज दहा परत टाकलं. चहा मांडायला वेळच उरला नाही. पण दहाचंही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं, आणि अकराला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो, माझा सहाव्या. तेव्हा असल्या मशीनवर विंडोजच्या जागी चालणारं लिनक्स मिंट टाका, फुकट आहे. अंगठ्याचं मशीन चालतं का ते मात्र आधी तपासा, आणि यादी दुसरीकडं...

हो, हो, खंजिरी ऐकू आली. उतरतो. पहिल्या रांगेतल्या दोघांनी जरा थांबावं.