धुरावर पोसलेलं शेवाळ

श्रोतेहो, नमस्कार.

टाकीत उजेड शिरला की आठ दिवसांत आतल्या भिंती हिरव्या होतात, हे घरोघरी ठाऊक आहे. त्या हिरव्या थराला, म्हणजे शेवाळाला, लागतं काय? ऊन, पाणी, थोडं खत आणि कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेत जेमतेम ०.०४ टक्के असतो, तर कोळशाच्या धुरात १२ ते १५ टक्के. मग चिमणीचा धूर शेवाळालाच पाजला तर?

अमेरिकेत केंब्रिज इथे एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेचं स्वतःचं वीजघर आहे, तेव्हा ते २० मेगावॅटचं होतं. २००४ साली आयझॅक बर्झिन यांच्या ग्रीनफ्युएल कंपनीनं त्याच्या छतावर ३० पारदर्शक नळ्या उभ्या केल्या. उंची सुमारे ३ मीटर, आकार त्रिकोणी. त्रिकोणाची तिरकी बाजू सूर्याकडे. खालून धुराचे बुडबुडे सोडले की ते या तिरक्या बाजूला लगटून वर चढत आणि त्यांच्या ओढीनं पाणी आत गरगरत राही. शेवाळाचा प्रत्येक कण क्षणभर उन्हात, क्षणभर सावलीत. सतत ऊन मारलं तर शेवाळ करपतं, सतत सावली मिळाली तर उपाशी राहतं, म्हणून हा खटाटोप. फळ काय मिळालं? स्वच्छ उन्हाच्या दिवशी सुमारे ८२ टक्के कार्बन डायऑक्साइड कमी झाला, ढगाळ दिवशी ५० टक्के. नायट्रोजनचे ऑक्साइड तर सुमारे ८६ टक्के घटले. पण नीट ऐका: हे आकडे नळ्यांत सोडलेल्या धुराचे. नळ्यांतल्या धुराचे, सगळ्या चिमणीचे नव्हेत!

मग कंपनी ॲरिझोनात गेली. रेडहॉक हे गॅसवर चालणारं मोठं वीजकेंद्र, आणि ऊन तर वाळवंटाचं. तिथलं हरितगृह २००७ साली बंद करावं लागलं. शेवाळ वाढेना म्हणून नाही, तर काढणीला आवरेना इतकं वाढलं म्हणून! शेवाळ दाट झालं की उजेड दोन-चार सेंटिमीटरच्या खाली पोचत नाही. वरचे कण खालच्यांना सावलीत ठेवतात, खालचे मरतात, कुजतात आणि सगळं पाणी नासवतात. शिवाय यंत्रणाही अंदाजाच्या दुपटीहून महाग पडत होती. कंपनीनं निम्मी माणसं कमी केली, आणि २००९ साली ती बंदच झाली. धूर होता, ऊन होतं, शेवाळही होतं. अडलं ते काढणीपाशी.

बाकीचं थोडक्यात सांगतो. चिमणीतला धूर शंभर अंशांच्या वर तापलेला असतो. तो आधी थंड करायचा, कारण क्लोरेलासारख्या शेवाळाला पाणी २५ ते ३० अंशांचं हवं. धुरातला सल्फर डायऑक्साइड चुनखडीची भुकटी कालवलेल्या पाण्यानं आधीच धुऊन काढायचा, नाहीतर पाणी आंबट होतं. सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आंबटपणाचं माप) ७ ते ८ ठेवायचा. तो ६ च्या खाली गेला की वाढ मंदावते. बुडबुडे जितके बारीक तितकं बरं, कारण नायट्रिक ऑक्साइड पाण्यात सहजी विरघळत नाही. रात्री शेवाळ कार्बन डायऑक्साइड घेत नाही, उलट सोडतं. तेव्हा धूर बंद, नुसती हवा चालू.

आता हिशेब. १ किलो वाळलेलं शेवाळ तयार व्हायला सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड खर्ची पडतो. उघड्या तळ्यात चौरस मीटरला दिवसाला २० ग्रॅम शेवाळ धरा. म्हणजे रोजचा १ टन वायू शोषायला जवळजवळ ७ एकर तळं लागतं. सात एकर, फक्त एका टनाला! आणि कोळशावरचं ५०० मेगावॅटचं केंद्र दिवसाला ११-१२ हजार टन सोडतं. त्याला पुरेल एवढं तळं बृहन्मुंबईच्या निम्म्याहून मोठं होईल. म्हणून बॉयलरच्या, भट्टीच्या छोट्या धुराड्यापासून सुरुवात करावी, आणि नळ्या घेण्याआधी काढणीचं यंत्र ठरवावं.

कोळशाच्या धुरावर वाढलेलं शेवाळ मात्र तपासल्याशिवाय गुरांपुढे टाकू नका. धुरातला पारा आणि इतर जड धातू त्यात साठतात.