थंड खोलीतला टोमॅटो

नमस्कार श्रोतेहो! ऐन दिवाळीत पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटांनी भरलेल्या गाड्यांची रांग लागते. त्याच सुमारास इथे टोरांटोत परसातली रोपं पहिल्या हिमतुषारानं काळी पडतात. तरीही घरातल्या बेसमेंटमध्ये, सोळा-सतरा अंशांत, थंडीभर टोमॅटो घेता येतो. फक्त जात बुटकी हवी. फ्लोरिडा विद्यापीठानं १९८९ साली आणलेली ‘मायक्रो टॉम’ जेमतेम वीतभर वाढते आणि छोट्या कुंडीत मावते.

डिसेंबरात इथला दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, त्यामुळे एलईडी दिवा लागतोच. चौदा ते सोळा तास पुरे. काही हौशी मंडळी तो रात्रंदिवस चालू ठेवतात. तसं करू नका, अखंड उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडतात.

बहुतेकांचं सगळं लक्ष दिव्याकडे असतं. माझ्या मते खरी अडचण कुंडीच्या तळाशी असते. गारठलेल्या मातीतून मुळांना फॉस्फरस नीट घेता येत नाही, मग पानांच्या खालच्या बाजूला जांभळी झाक येते. ती दिसली की लोक खत ओततात! खताआधी कुंडी सिमेंटच्या फरशीवरून उचला, खाली थर्माकोलचा जाड तुकडा किंवा रोपांसाठी मिळणारी गरम चटई ठेवा. सगळी खोली तापवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त. पाणीही बेतानं द्या. थंड खोलीत माती लवकर वाळत नाही, आणि गार ओल्या मातीत मुळं कुजतात. बोट दोन पेरं आत घालून पाहा. कोरडं लागलं तरच पाणी घाला, तेही कोमट.

फुलं आली की रात्रीचं तापमान तेरा अंशांखाली जाऊ देऊ नका, नाहीतर परागकण नीट तयार होत नाहीत आणि फुलं गळतात. शिवाय घरात ना वारा, ना भुंगा. म्हणून दुपारी विजेवर चालणारा टूथब्रश फुलाच्या देठामागे क्षणभर टेकवा. त्या थरथरीनं पराग झडतो आणि त्याच फुलात फळ धरतं.

भाजीवाल्याचा धंदा यानं बुडणार नाही, हे आधीच सांगतो. गारठ्यात फळ पिकायलाही वेळ लागतो, म्हणून रंग फिरू लागला की तोडून स्वयंपाकघरात आणून ठेवा. जी हिरवीच राहतील ती मिरची आणि शेंगदाण्याच्या कुटाबरोबर परतून वाटा, भाकरीशी छान लागतात.