रविवारी संध्याकाळी मेस बंद असते

नमस्कार. मला विषय दिलाय शॉर्ट फिल्मचं प्रमोशन, आणि तुमच्यातल्या निम्म्या लोकांना वाटत असेल की ही आता हॅशटॅग कुठले टाकायचे, रील किती वाजता टाकायची वगैरे सांगणार. तसलं काही नाहीये माझ्याकडे. आमची फिल्म अनोळखी लोकांनी बसून पूर्ण बघितली त्याचं कारण एकच, पुण्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. म्हणजे काय ते येईलच पुढे, आधी फिल्मबद्दल सांगते.

मासकॉमचं शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट होतं. नाव 'खाडा', लांबी १४ मिनिटं. सदाशिव पेठेतली मेस, चालवणाऱ्या काकू, आणि जेवायला येणारी सगळी एमपीएससीची पोरं. रिझल्ट लागतो आणि एक पोरगा जेवायलाच यायचा बंद होतो. काकू वहीत त्याच्या नावापुढे रोज खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसाची खूण, मांडतात, आणि मग एक दिवस डबा घेऊन त्याच्या रूमवर जातात. एवढीच गोष्ट, बाकी शेवट काय ते बघा.

शूटिंग खऱ्या मेसमध्ये केलं. खरी मेस म्हणजे दुपारची जेवणं आटपून भांडी घासून झाली की संध्याकाळच्या कणकेपर्यंत जो वेळ उरतो तेवढाच आपला. आणि तिथे ट्यूबलाइट! आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी चोकवाली ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला काही कळत नाही, पण मोबाईलवर ३० फ्रेम आणि १/६० शटर ठेवून शूट केलंत की भिंतीवर पट्टे सरकताना दिसतात. २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवा, प्रश्न मिटला. हे कोणी शिकवत नाही कारण सगळ्यांना लेन्सवर बोलायचं असतं.

खरी मारामारी असते ती आवाजाची. फ्रिजचा कॉम्प्रेसर, एक्झॉस्ट फॅन, शेजारच्यांचा कुकर, आणि गणपतीच्या आधीचे दोन महिने असतील तर नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव, तो पेठेत घरात बसून ऐकू येतो. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, ही युनिटवाल्यांची जुनी युक्ती आहे, किल्लीशिवाय घरी जाता येत नाही त्यामुळे फ्रिज चालू करायचं विसरत नाही, नाहीतर काकूंचं दही आंबट होतं आणि लोकेशन हातचं जातं. आणि सीन संपला की सगळ्यांनी गप्प उभं राहून अर्धा मिनिट त्या खोलीचा नुसता आवाज रेकॉर्ड करायचा. एडिटला बसलात की वाक्यांमधल्या मोकळ्या जागा भरायला तोच लागतो. आपली नटमंडळी बरीचशी एकांकिकांमधून येतात, पुरुषोत्तम, फिरोदिया या कॉलेजांच्या करंडक स्पर्धा करून आलेली, त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायला तयार झालेला असतो. हात-दीड हातावर बूम माइक धरलाय आणि पोरगा भरत नाट्य मंदिराच्या बाल्कनीशी बोलतोय, असं होतं. त्यांना खरंच जेवायला वाढा आणि घास तोंडात असताना वाक्य बोलायला लावा, आवाज आपोआप खाली येतो.

बरं, फिल्म झाली. आता दाखवायची कोणाला?

प्रत्येक कॉलेजात कोणीतरी 'पिस्तुल्या'चं उदाहरण देतंच. नागराज मंजुळेंनी अहमदनगरला कम्युनिकेशन शिकत असताना केलेली शॉर्ट फिल्म, नंतर ५८ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. आपण त्यातून काय घेतो, तर अवॉर्ड मिळतं बरं का स्टुडंट फिल्मला! मला वाटतं घ्यायची गोष्ट दुसरीच आहे. शाळेत जायचंय अशा एका गरीब पोराची गोष्ट करणाऱ्याला ती कोणाची आणि कोणासाठी हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पुण्या-मुंबईच्या ज्युरीला काय आवडेल याचा विचार करून कोणी असली फिल्म करत नाही.

फेस्टिव्हलला पाठवू नका असं मी म्हणत नाहीये. पाठवा, पण डोळे उघडे ठेवून. फिल्मफ्रीवे म्हणजे फेस्टिव्हलना फिल्म पाठवायची वेबसाइट, तिच्यावर गेलात की हजारो फेस्टिव्हल दिसतात, फी बहुतेकांची डॉलरमध्ये, अर्ली बर्ड वेगळी आणि लेट वेगळी. त्यात दर महिन्याला होणारे 'इंटरनॅशनल' असतात ज्यांचं स्क्रीनिंग कुठे होतं हे देवाला माहीत, फी भरली की निवड झाल्याची ती पानांची नक्षी मिळते आणि ती पोस्टरवर लावून आपण खूश. आधी विचारा, थिएटर कुठलं, तारीख काय, मागच्या वर्षी कुठल्या फिल्म दाखवल्या. उत्तर गोल गोल आलं तर ते पैसे स्पीकरच्या भाड्याला ठेवा. आणि लांबी! ऑस्करच्या नियमात ४० मिनिटांपर्यंतची शॉर्ट फिल्म चालते, श्रेयनामावली धरून, पण दीड तासाचा स्लॉट भरणारा माणूस तुमच्या एका ३८ मिनिटांसाठी बाकीच्या तीन फिल्म कशाला बाहेर काढेल? फेस्टिव्हलने डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालणारी फिल्मची कॉपी, मागितला तर घाबरू नका, डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लॅपटॉपवर होतो. फक्त एकदा थिएटरमध्ये चालवून बघा.

यूट्यूबवर टाकायची घाई असते सगळ्यांना. काही फेस्टिव्हलना ऑनलाइन पब्लिक झालेली फिल्म चालत नाही, त्यामुळे आधी पासवर्डवाली लिंक. आणि सीनच्या मागे रेडिओवर पाच सेकंद गाणं वाजलं तर चालतं हा जो समज आहे ना, त्याला कायद्यात काही आधार नाही, यूट्यूबची सिस्टीम तर लगेच पकडते. आम्ही मेसमधला रेडिओ बंदच ठेवला.

पण लिंकची खरी गंमत वेगळीच. लिंक पाठवली की ओळखीचे सगळे हार्ट टाकतात, 'भारी यार', 'प्राउड ऑफ यू'. बघत कोणी नाही! कोण कुठपर्यंत बघतं त्याचा ग्राफ उघडून बघा, पहिल्या अर्ध्या मिनिटात निम्मी माणसं गळालेली असतात, कारण तेवढा वेळ तुम्ही कॉलेजचा लोगो, डिपार्टमेंटचा लोगो आणि आई-बाबांचे आभार दाखवत असता. आभार शेवटी घ्या, आई-बाबा शेवटपर्यंत थांबतात.

तर मेस. आमची फिल्म ज्यांची होती ती पोरं आमच्या फॉलोअर्समध्ये नव्हतीच, ती अभ्यासिकेत होती, मोबाईल सायलेंटवर टाकून, इन्स्टा डिलीट करून बसलेली. अभ्यास सोडून ती बाहेर कधी पडतात? चहाला, आणि रविवारी संध्याकाळी, कारण मेस बंद, मग वडापाव खा नाहीतर शास्त्री रोडवर फिरत बसा. आम्ही एका अभ्यासिकेच्या मालकांना विचारलं, त्यांनी वरचा हॉल दिला, पांढरी चादर बांधली, प्रोजेक्टर उसना आणला, मेसच्या वेळापत्रकाशेजारी हाताने लिहिलेला कागद चिकटवला, 'आज मेस बंद. सात वाजता फिल्म, १४ मिनिटं, नंतर पोहे.' पोहे काकूंनीच केले, पैसे घेऊन. एवढं आमचं प्रमोशन.

हॉल भरला, जिन्यात पोरं उभी. आणि संपल्यावर जे भांडण लागलं ना! एक जण म्हणाला सलग दोन दिवसांच्या खाड्याशिवाय कोणी मेसच्या बिलातून पैसे कापत नाही, तुमच्या काकू फारच गोड दाखवल्यात. दुसऱ्याला राग आला की पोरगा रिझल्टनंतर रडतच नाही, तर तिसरा म्हणाला रडायचं कुठे, रूमवर तिघं असतात. दिग्दर्शक म्हणून मला कॅमेऱ्याबद्दल एकही प्रश्न आला नाही, आणि मला आजतागायत इतका चांगला फीडबॅक कुठल्या ज्युरीकडून मिळालेला नाही. पुढच्या रविवारी दुसऱ्या अभ्यासिकेने बोलावलं, मग कोणाच्या तरी भावाने लातूरला दाखवली, मग आम्ही मोजायचं सोडून दिलं.

म्हणून तुमची स्क्रिप्ट लिहून झाली की मागच्या पानावर लिहा, ही बघणारी माणसं कुठे राहतात आणि त्यांना वेळ कधी असतो. ऊसतोड कामगारांवर फिल्म केलीत आणि ती मार्चमध्ये त्यांच्या गावात दाखवायला गेलात, तर गावात निम्मी घरं बंद असतील, माणसं कारखान्यावर. रिक्षावाल्यांवर असेल तर पासिंगची रांग बघा, तासन्‌तास बसलेली असतात बिचारी. पोस्टर नंतर करा.

'खाडा' कोणाला दाखवायची असेल तर मी फाइल देते, पैसे नकोत. फक्त स्पीकर बरा आणा, लॅपटॉपवर लावलीत तर काकूंच्या पेनाचा वहीवर घासण्याचा आवाज येत नाही आणि मग त्या सीनमध्ये नुसतीच एक बाई बसलेली दिसते.