बॅटरी वैशाखात मरते, पौषात कळतं

(अमळनेर येथे वैशाखातल्या एका संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस, त्यात लग्नतिथी, आणि तरी तुम्ही बॅटरीवरचं बोलणं ऐकायला आलात. म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांची गाडी आज सकाळी धक्का मारूनच चालू झालेली दिसते.

माझा धंदा बॅटरीचा. दुकानात आलेला माणूस दोन प्रश्न विचारतो: कितीला, आणि गॅरंटी किती? तिसरा प्रश्न मलाच विचारावा लागतो. ही बसवणार कशाला, आणि ती गाडी दिवसभर कुठे उभी असते? हा प्रश्न ऐकून लोक माझ्याकडे असं बघतात, जणू मी मुलीचं स्थळ विचारतोय. पण निवड ठरते ती याच उत्तरावर.

माझ्याकडे गर्दी होते ती डिसेंबर-जानेवारीत. धुळ्याकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो, पहाटे सेल्फ मारला की नुसतं कर्र-कर्र. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "भाऊ, थंडीमुये बॅटरी बसी गयी." आबा, थंडीनं नाही बसली ती. थंडीत इंजिनाचं ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून कमजोर बॅटरी उघडी पडते इतकंच. ती मेली वैशाखातच, पौषात फक्त आपल्याला कळलं.

हे कसं, ते नीट समजून घ्या. आपल्या १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खण, म्हणजे सेल, असतात, प्रत्येकात शिशाच्या प्लेटा आणि पातळ केलेलं गंधकाचं ॲसिड. १८५९ मध्ये गॅस्टन प्लांते नावाच्या फ्रेंच माणसानं हे जमवलं आणि मूळ रसायन अजून तेच आहे. अधिक बाजूच्या प्लेटेची शिशाची जाळी आतून हळूहळू कुजत जाते. उष्णता वाढली की कुजणं वाढतं, पाणीही उडतं. दर १० अंश वाढले की आयुष्य साधारण निम्मं, हा बॅटरीवाल्यांचा जुना ठोकताळा. आता भुसावळला बाहेर ४५ अंश असताना बंद बोनेटच्या आत, इंजिनाशेजारी, काय होत असेल याचा विचार करा. पुस्तकात बॅटरीचं आयुष्य लिहिलेलं असतं ते २५ अंशांचा हिशोब धरून. आपण ते बुकात वाचतो आणि कंपनीला शिव्या देतो.

म्हणून खान्देशात बॅटरी घेताना पहिली गोष्ट. डब्यावर सीसीए नावाचा आकडा असतो, आणि सेल्समन तो मोठ्या अभिमानानं दाखवतो. हा आकडा मोजतात उणे १८ अंशांवर: त्या थंडीत ३० सेकंद, व्होल्टेज ७.२ च्या खाली न जाऊ देता, किती अँपिअर देता येतात. तोरणमाळच्या माथ्यावरसुद्धा उणे १८ होत नाही! हा आकडा फुगवायचा तर त्याच डब्यात पातळ प्लेटा जास्त संख्येनं कोंबाव्या लागतात, आणि पातळ प्लेट उन्हात लवकर कुजते. डिझेल इंजिनाला जोराचा झटका लागतो, तेव्हा गाडीच्या पुस्तकात सांगितलंय त्याच्या खाली जाऊ नका. पण त्याच्या कितीतरी वर जायला जादा पैसे मोजू नका. त्यापेक्षा एकाच मापाच्या दोन बॅटऱ्या काट्यावर ठेवा. जी जड, तिच्यात शिसं जास्त. मी तरी तीच उचलीन.

आता कामाची गोष्ट. शर्यतीचा बैल आणि नांगराचा बैल, दोन्ही बैलच. शर्यतीच्या बैलाला नांगराला जुंपलं तर दोन दिवसांत बसेल, आणि नांगराचा बैल पटात पळवला तर लोक हसतील. गाडीची बॅटरी शर्यतीचा बैल. तीन सेकंद शेदोनशे अँपिअर, मोठ्या डिझेलला त्याहून जास्त, आणि मग लगेच डायनामोनं तिला पुन्हा भरायचं. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी नांगराचा बैल: जाड प्लेटा, सावकाश पण तासन्‌तास काम. लोडशेडिंगच्या काळात लोक संध्याकाळी ट्रॅक्टरची बॅटरी काढून घरात इन्व्हर्टरला जोडायचे आणि सकाळी परत ट्रॅक्टरला. चार महिन्यांत तीच बॅटरी माझ्या दुकानाच्या ओट्यावर. तळापर्यंत रिकामी करण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

हल्ली लोडशेडिंगची जागा वरातीनं घेतली आहे. ट्रॅक्टरवर साउंड, वर एलईडीच्या पट्ट्या, इंजिन बंद, आणि नवरदेव देवळापुढे दीड तास. आमच्या भागात वैशाखातल्या लग्नांनी जितक्या बॅटऱ्या मारल्या, तितक्या नांगरटीनं मारल्या नसतील. साउंडला वेगळी जाड प्लेटांची बॅटरी लावा, नाहीतर सरळ जनरेटर.

इथे एएच, म्हणजे अँपिअर-तास, काय तेही सांगतो. ६० एएचची बॅटरी म्हणजे ६० अँपिअर तासभर देणारी, असं नव्हे. तो आकडा २० तासांच्या हिशोबाचा असतो, म्हणजे ३ अँपिअर २० तास. भार वाढवला की एकूण साठाही कमी मिळतो.

मग ट्रॅक्टरला कोणती? इथे माझं मत जरा जुन्या वळणाचं आहे. जाळीच्या शिशात अँटिमनी मिसळलेली, वरून झाकणं उघडून पाणी घालता येणारी बॅटरी घ्या, आणि उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी पाणी बघा. अँटिमनीमुळे पाणी जास्त उडतं खरं, पण रिकामी होऊन परत भरणं तिला बरं सोसतं. कॅल्शियमची, म्हणजे जिला मेंटेनन्स फ्री म्हणतात ती, पाणी फार कमी खाते, पण दोन-चारदा तळाला गेली की उठत नाही. कारवाल्यानं, जो सहा महिने बोनेट उघडत नाही, त्यानं खुशाल कॅल्शियमची घ्यावी. आणि पाणी म्हणजे डिस्टिल वॉटरच. आरओचं नाही, विहिरीचं तर नाहीच. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते घरातला हंडा सांगतो. ॲसिड तर कधीच टाकू नका. उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं.

आणखी एक. ट्रॅक्टरची बॅटरी नुसती उन्हानं मरत नाही, हादऱ्यानंही मरते. क्लँप तुटला म्हणून सायकलच्या ट्यूबनं बांधलेल्या बॅटऱ्या मी रोज बघतो. हादऱ्यानं प्लेटेवरचा मसाला गळून तळाशी साचतो आणि एखादा सेल शॉर्ट होतो. मग सहा सेल असतील तरी व्होल्टेज दहा-साडेदहावर येतं. क्लँप काही शे-पाचशेला मिळतो, बॅटरी किती हजारांना ते तुम्हाला माहीत आहे.

ज्या कारचं इंजिन सिग्नलला आपोआप बंद पडतं आणि क्लच दाबला की चालू होतं, तिला साधी बॅटरी लावू नका. तिथे ईएफबी, म्हणजे साध्याच बॅटरीची जास्त मजबूत बहीण, नाहीतर एजीएम लागते. एजीएममध्ये ॲसिड काचेच्या धाग्यांच्या गादीत शोषलेलं असतं, ती वारंवार भरणं-उतरणं सोसते, पण तापलेल्या बोनेटखाली तिचे हाल होतात. पुष्कळ गाड्यांत ती डिकीत का ठेवतात, याचं हेही एक कारण. कंपनीनं बोनेटखाली ईएफबी दिली असेल तर परत ईएफबीच बसवा.

माप आणि टर्मिनल यांवर फार बोलत नाही. डब्यावर ३८बी२०एल असं काही लिहिलेलं असतं, त्यातला २० म्हणजे लांबी सेंटिमीटरमध्ये, आणि शेवटचं एल किंवा आर म्हणजे टर्मिनल कोणत्या बाजूला. जुनी बॅटरी बरोबर आणा, शेजारी ठेवा, संपलं. वायर ताणून उलट्या बाजूला नेणारे कारागीर आहेत, त्यांच्यापासून सांभाळा.

पण बॅटरी बनवल्याची तारीख मात्र बघाच. पत्र्याच्या शेडमध्ये पडून राहिलेली नवी बॅटरी आपोआप उतरत जाते, उन्हाळ्यात जास्त वेगानं, आणि प्लेटांवर सल्फेट बसतं. मी स्वतः एकदा फसलो आहे. स्वस्तात मिळाल्या म्हणून एका व्यापाऱ्याकडून उन्हाळ्याच्या तोंडी दहा बॅटऱ्या आणल्या, तारखा न बघता. त्यातल्या सहा दिवाळीपर्यंत परत आल्या. दुकानात मल्टिमीटर लावून घ्या: भरलेली बॅटरी १२.६ च्या पुढे दाखवते. १२.४ च्या खाली असेल तर ती तिथेच ठेवा.

लिथियमचं काय, हे समोरचे रिक्षावाले दादा मघापासून विचारतायत. ई-रिक्षात शिशाच्या चार बॅटऱ्या जोडून ४८ व्होल्ट करतात. हे नांगराचं काम, तेही रोज तळापर्यंत. माझ्याकडचे बहुतेक रिक्षावाले वर्ष-सव्वा वर्षात दुसरा सेट मागतात. लिथियम महाग, पण वजन कमी आणि टिकते कितीतरी जास्त. मात्र लिथियम ही काही एकच वस्तू नाही. एनएमसीत निकेल, मँगेनीज आणि कोबाल्ट. तेवढ्याच वजनात ती जास्त पल्ला देते. एलएफपी म्हणजे लोह-फॉस्फेट. ती जरा जड, पण तापल्यावर लवकर भडकत नाही आणि जास्त वेळा भरता येते. आपल्या उन्हात मी एलएफपीच सांगीन, पाच-दहा किलोमीटर कमी मिळाले तरी. २०२२ मध्ये ई-स्कूटरना आगी लागल्या, त्यानंतर सरकारनं एआयएस-१५६ चे, म्हणजे बॅटरीच्या सुरक्षेचे, नियम कडक केले. कागदावर त्या प्रमाणपत्राचा उल्लेख नसेल तर तो पॅक घेऊ नका. आणि दुपारी एकला उन्हातून आल्या आल्या चार्जर लावू नका. आधी सावलीत तासभर गार होऊ द्या, घोड्याला घाम निथळल्याशिवाय आपण पाणी पाजतो का?

प्रश्न आला, कारला सेल्फसाठी १२ व्होल्टची लिथियम लावावी का. बोनेटखाली? आपल्याकडे तरी नको.

दुसरा प्रश्न, जुन्या बॅटरीचं काय करावं. दुकानात परत द्या, शिशाचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण ॲसिड बांधावर ओतून रिकामा डबा भंगारात देणारे आपल्यातच आहेत, आणि तो बांध बहुतेक विहिरीजवळचा असतो.

तिसरा प्रश्न बापूंचा: आमची चांगली आहे की गेली, घरच्या घरी कसं ओळखायचं? गाडी नुकतीच बंद केली असेल तर मीटर खोटं बोलतो, वरवरचा चार्ज दाखवतो. काही तास उभी राहू द्या, मग मोजा. १२.६ असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ च्या खाली म्हणजे काळजी. मग सेल्फ मारताना दुसऱ्यानं मीटरकडे बघायचं: साडेनऊच्या खाली गेला तर ती यंदाचा पौष काढणार नाही. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसलं पाहिजे. १५ दिसत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, डायनामोचं कटआउट, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, दाखवा, नाहीतर नवी बॅटरीही उकळून मरेल.

बाहेर तुमच्या गाड्या दोन-अडीच तासांपासून बंदच उभ्या आहेत. माझ्या पिशवीत मीटर आहे, बोनेट उघडून ठेवा. आबांच्या ट्रॅक्टरपासून सुरू करू.