दोस्त झोंबवून बोलतो

[दृश्य : ताश्कंद. चोरसू बाजार. दोन माणसं छातीवर हात ठेवून एकमेकांची विचारपूस करताहेत.]

इथे मित्राला ‘दोस्त’च म्हणतात, शत्रूला ‘दुश्मन’ आणि बोलण्याला ‘गप’. फारसीतून आलेले हे शब्द आपल्याकडेही रुळलेत. म्हणून ही उझबेक म्हण ऐकताना मराठी कान टवकारतात : ‘दोस्त अचितिब गपिरार, दुश्मन कुल्दिरिब.’

त्यातला ‘अचितिब’ नीट पाहू. ‘अचि’ म्हणजे आंबणं, झोंबणं. पीठ आंबलं तरी हेच क्रियापद, जखम चुरचुरली तरी हेच. त्याला ‘त’ जोडला की झोंबवणं. शेवटचा ‘इब’ म्हणजे आपला ‘ऊन’. तसंच ‘कुल्’ हसणं, ‘कुल्दिर’ हसवणं, ‘कुल्दिरिब’ हसवून. दोस्त झोंबवून बोलतो, दुश्मन हसवून. मराठीत म्हण जशीच्या तशी बसते.

‘मित्र कडू बोलतो’ असं भाषांतर केलं, तर चव राहते, पण करणं निसटतं. मित्राची जीभ मुळातच कडू आहे असं म्हण सांगत नाही; तो जाणूनबुजून झोंबवतो.

इंग्रजीतलं जवळचं वचन बायबलच्या नीतिसूत्रांतलं, 1611 च्या किंग जेम्स भाषांतरातलं : मित्राने केलेल्या जखमा विश्वासाच्या, शत्रूची चुंबनं फसवी. तिथे जखम आहे, चुंबन आहे. उझबेकमध्ये सगळं जिभेवर.

‘अ फ्रेंड इन नीड इज अ फ्रेंड इन्डीड’, अडचणीत साथ देतो तोच खरा मित्र. या म्हणीत अडचणीतला माणूस मित्र नव्हे, आपण. रोमन कवी एनिअसची ओळ हेच सांगते : खात्रीचा मित्र बेभरवशाच्या काळात कळतो.

[दृश्य : घरातली बैठक. दस्तरखानावर, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडावर, पुलावाचं मोठं ताट.]

आता पैशाचं. ‘हिसोब्ली दोस्त आयरिल्मस’, हिशेबाचे दोस्त दुरावत नाहीत. इंग्रजीत ‘शॉर्ट रेकनिंग्ज मेक लाँग फ्रेंड्स’. इथे ‘शॉर्ट’ म्हणजे हिशेब लहान नव्हे, लांबवलेला नाही असा.

उझबेक मित्र किंवा मैत्रिणी पाळीपाळीने एकमेकांकडे जमतात. त्या बैठकीचं नावही ‘गप’च. अनेक गपांत प्रत्येकजण ठरलेली रक्कम आणतो आणि सगळी रक्कम एकाला मिळते. आपली भिशीच ही. 12 जण दरमहा जमले, तर वर्षात फेरी पूर्ण. पहिल्यांदा पैसे उचलणाऱ्याने पुढे हप्ते चुकवले, तर फटका शेवटच्या पाळीवाल्यांना बसतो. त्यांच्या हातात दोस्तीखेरीज तारण नसतं.

उझबेकमध्ये ‘तुझ’ म्हणजे मीठ; मीठ घातलेलं ते ‘तुझ्ली’. तसाच ‘हिसोब्ली’, ज्याच्यात हिशेब आहे तो. म्हणीत हा शब्द ‘दोस्त’च्या आधी येतो.