रात्रीचं टरफल

(मुंबईतल्या वेसावे कोळीवाड्यात घरी कोंबड्या पाळणाऱ्या महिलांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

सकाळी खुराड्यात हात घातला आणि अंड्याऐवजी हाताला टरफलाविना लिबलिबीत पिशवी लागली, की तुमच्यातल्या काही जणी कोंबडीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळतात. काही जणी ‘हिचं आता झालं’ म्हणून रविवारची वाट बघतात. मघाशी इथे येताना एका आजींनी मला विचारलं, ‘डॉक्टरबाई, अशी अंडी घालायला लागलीय, घरावर काही येणार का?’ आजी, घरावर काही येत नाही. जे येतं ते त्या कोंबडीच्या हाडांवर येतं.

एक अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात. बलक, पांढरं, त्यावरचा पडदा, हे सगळं चार-पाच तासांत उरकतं. राहिलेले 20 तास एकट्या टरफलाला लागतात. त्यातलं पुष्कळसं काम रात्री चालतं, कोंबडी दांडीवर झोपलेली असताना. एका टरफलात सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम जातं. पहाटेपर्यंत पोटातला दाणा संपलेला असतो, मग हे आणायचं कुठून? तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पहिल्यांदा अंड्यावर येते तेव्हा तिच्या पायांच्या हाडांच्या पोकळीत एक वेगळं जाळीदार हाड तयार होतं, याच कामासाठी. रात्री ती तिथून उसनं घेते, दिवसा खाण्यातून फेडते. खाण्यातच नसेल तर फेडणार कशी? तरीही ती अंडी देणं लगेच थांबवत नाही. म्हणून मऊ अंडं तुमच्या हाताला लागतं तोवर ती बऱ्याचदा कितीतरी दिवस अंगातलं देत आलेली असते.

आपण तिला घालतो काय? शिळा भात, पाव, चपातीचे तुकडे. त्यात कॅल्शियम नावापुरतं. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी दुकानात जे लेअर खाद्य मिळतं, त्यात ते साडेतीन ते चार टक्के असतं. पण त्यावर वाटीभर भात टाकला की तिचं पोट भातानेच भरतं.

आणि हे मी कुठे सांगतेय, तर वेसाव्यात! तिसऱ्यांचं कालवण झालं की त्यांच्या शिंपल्या तुम्ही कचऱ्यात टाकता. शिंपली आणि अंड्याचं टरफल, दोन्ही एकाच पदार्थाचे आहेत. शिंपल्या धुवा, उकळा, कडक उन्हात वाळवा आणि खलबत्त्यात जाडसर कुटा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. पीठ करू नका. पीठ पटकन वाहून जातं. जाड तुकडा पेट्यात, म्हणजे तिच्या दाणा दळणाऱ्या पोटात, अडकून राहतो आणि रात्रभर हळूहळू विरघळतो, नेमका हवा तेव्हा. म्हणून संध्याकाळी द्या आणि वेगळ्या वाटीत द्या. जिला गरज आहे ती खाते, कोंबडा फारसा फिरकत नाही. पिल्लांपासून मात्र वाटी लांब ठेवा, इतकं कॅल्शियम त्यांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही.

खाणं चांगलं असूनही मे महिन्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात टरफलं पातळ येतात. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. त्या धापांबरोबर अंगातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, आणि टरफलाला कॅल्शियमच्या जोडीला तोच लागतो. त्यात ती खातेही कमी. पत्र्यावर ओलं गोणपाट टाका, पाणी गार ठेवा, दाणा पहाटे आणि उन्हं उतरल्यावर द्या.

तलंगेची पहिली दोन-चार अंडी मऊ आली तर काळजी नको. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून एखादीने अर्धवट अंडं टाकलं, तरी नको. पण सगळ्या कोंबड्या एकदम सुरकुतलेली, वेडीवाकडी अंडी द्यायला लागल्या, बरोबर शिंका किंवा घरघर असेल, तर तो रोग समजा. आजारी कोंबड्या वेगळ्या करा आणि डॉक्टर गाठा. राणीखेत रोगाची लस पिल्लांना वेळेवर द्यायची ती यासाठीही.

आता अंडं अडकण्याबद्दल, कारण त्यात कोंबडी जाते. कॅल्शियम कमी पडलं की स्नायूंनाही जोर राहत नाही, आणि मऊ अंडं पुढे ढकलणं तर जास्तच अवघड. कोंबडी ताठ उभी राहते, शेपूट खाली, सारखी कुंथते, खात नाही. नवी डॉक्टर असताना अशाच एका कोंबडीचं अंडं मी घाईने ओढायला गेले. ते आत फुटलं आणि चौथ्या दिवशी कोंबडी गेली. अजूनही मला त्याचं वाईट वाटतं. तुम्ही ओढू नका, पोट दाबू नका. टबात कोमट पाणी घ्या, पोट बुडेल एवढं, आणि तिला 20 मिनिटं त्यात धरून ठेवा. मग कोरडी पुसून, अंडं येतं त्या जागेवर थोडं तेल लावून अंधाऱ्या टोपलीत एकटी ठेवा. काही तासांत अंडं आलं नाही तर तशीच टोपली घेऊन निघा. परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासून आहे. कोंबडीसाठी कोण एवढं जातं, असं घरचे म्हणतील. तुम्ही जा.

आजी, तुमची काळी कोंबडी आणलीच आहे, तर तिला मांडीवर घ्या. छातीच्या मधल्या हाडावरून असं बोट फिरवा, वरून खाली. ते सरळ लागतंय की मध्येच वाकलेलं? सांगा मला.