आधी पोरगा, मग अप्पा

टोरांटोतलं एक छोटंसं दुकान, खाली दूध, सिगारेट, चिप्सची पाकिटं आणि वर राहतं घर. सोलमध्ये १९७४ साली जन्मलेला इन्स चोई लहानपणी घरच्यांसोबत कॅनडात आला, तेव्हा हे कुटुंब नातेवाइकांच्या अशाच एका दुकानाच्या माडीवर राहायचं. वडील पास्टर. पोरगा मात्र यॉर्क युनिव्हर्सिटीत अ‍ॅक्टिंग शिकला.

पुढं फ्यू-जेन या एशियन-कॅनेडियन नाट्यसंस्थेच्या लेखकांच्या गटात बसून त्यानं एक नाटक लिहायला घेतलं, 'किम्स कन्व्हिनियन्स', असंच दुकान चालवणाऱ्या एका कोरियन कुटुंबाचं. मोठ्या थिएटरवाल्यांनी ते घेतलं नाही, मग २०११ला टोरांटो फ्रिंज या छोट्या, स्वतंत्र नाटकांच्या फेस्टिव्हलच्या नव्या नाटकांच्या स्पर्धेत ते पहिलं आलं आणि चोईनं स्वतःच बसवलं. घर सोडून गेलेल्या जंगचा, म्हणजे मुलाचा, रोलही त्यानंच केला.

यातला बाप म्हणजे अप्पा. हो, कोरियनमध्येही वडिलांना अप्पाच म्हणतात, आपल्याकडं कितीतरी घरांत म्हणतात तसंच, त्यामुळं हे नाटक आपल्याला परकं वाटतच नाही. नो पार्किंगमध्ये जपानी गाडी दिसली की हे अप्पा पोरीला म्हणतात पोलिसांना फोन लाव, कारण १९१० ते १९४५ जपाननं कोरियावर राज्य केलं ते ह्यांच्या डोक्यातून गेलेलंच नाही, आणि टोरांटोत वाढलेल्या पोरीला कळतच नाही की यात त्या गाडीवाल्याचा काय दोष! आपण हसतो, आणि हसता हसता या माणसानं काय काय मागं सोडलंय ते दिसायला लागतं. मुलाशी तर बोलणंच बंद, आई त्याला चर्चमध्ये गुपचूप भेटते.

२०१२ला टोरांटोतल्याच सोलपेपर या नाट्यसंस्थेनं ते मोठ्या स्टेजवर आणलं, दिग्दर्शन वेनी मेंगेशाचं, अप्पा झाले पॉल सन-ह्युंग ली. मग सीबीसी या कॅनडाच्या सरकारी चॅनेलवर २०१६ ते २०२१ सिरियल, नेटफ्लिक्समुळं ती जगभर गेली. पण मला खरी मोठी गोष्ट वाटते ती २०२४ची. लंडनच्या पार्क थिएटरमध्ये चोई पन्नाशीच्या उंबऱ्यावर स्वतः अप्पा म्हणून उभा राहिला, आणि २०२५ला टोरांटोत सोलपेपरमध्येही. जंगचे जे डायलॉग तेरा वर्षांपूर्वी तो स्वतः म्हणायचा, ते आता समोर दुसरा एक तरुण नट म्हणतोय आणि हा दुकानाच्या काउंटरमागं उभा राहून ऐकतोय.